चिंचेनं घासलेला ऑर्गन

चोपन्नच्या चोपन्न नळ्या परत आल्या होत्या आणि एकूणएक लखलखत होत्या. सोजरबाईंनी एक हातात घेऊन फिरवली, मग दुसरी, मग तिसरी, आणि त्या मटकन बाकावर बसल्या.

"अक्षरं कुठी गेली?" त्यांनी विचारलं.

रिसोडच्या वाटेवरच्या त्या चिमुकल्या चर्चमधला पाइप ऑर्गन तीस वर्षं मुका होता. तो बोलता करायला मंडळीनं तिघांची समिती नेमली. निवृत्त नर्स सोजरबाई अध्यक्ष, कारण सुराचा कान गावात त्यांनाच. जगदेव मास्तर चिटणीस, कारण ड्रिलच्या मास्तरांपुढं कुणी हूं की चूं करत नाही. आणि आसेगावचा देवमन मिस्त्री तांत्रिक सल्लागार. देवमन बौद्ध. आजवर चर्चची पायरी चढायचं त्याला काही कारण पडलं नव्हतं. पण शेतोशेती स्प्रिंकलर बसवत असल्यामुळं नळ्यांमधलं पंचक्रोशीत त्यालाच कळायचं.

चेन्नईच्या कारागिरानं फोनवर सगळं समजावलं होतं. नळ्या काढा, पुसा. प्रत्येकीवर काळ्या शाईनं सुराचं अक्षर आहे, ते बघून आपापल्या भोकात परत बसवा. यावर सोजरबाईंना झकास कल्पना सुचली. एकेका घरानं एकेक नळी न्यावी आणि हंगामाच्या सणाला उजळून आणावी, म्हणजे ऑर्गन सगळ्यांचा होईल. पण आमच्याकडं उजळणं म्हणजे पुसणं नव्हे. उजळणं म्हणजे चिंच, राख आणि नारळाची शेंडी. बायांमध्ये चुरस लागली. शाईचं एक अक्षर त्यातून जिवंत सुटलं नाही.

आणि सण आजच होता. सोयाबीनची पोती, भोपळे, पाय बांधलेली एक कोंबडी, सगळं वेदीपुढं मांडून झालं होतं. दहा वाजता नागपूरचे मोठे पाळकसाहेब येणार होते. त्यांचं पत्र स्पष्ट होतं: सणाला ऑर्गन वाजला नाही, तर तो शहरातल्या चर्चला हलवण्यात येईल.

"म्याच घात केला," सोजरबाई म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे पुसलेली ही बाई आता पदरात तोंड घालून रडायला लागली.

देवमननं नळ्या लांबीनं लावून पाहिल्या. जमेना. शेजारशेजारच्या नळ्यांत नखाएवढा फरक. त्यात काही बुटक्या नळ्यांना वरून बूच, त्या उंच नळ्यांपेक्षाही जाड बोलतात, असं कारागिरानंच सांगितलेलं. वैतागून त्यानं एक नळी उचलली. राख अडकून चोक तर झाली नसेल? शेतात करतो तेच त्यानं केलं. खालचं टोक तोंडात धरलं आणि गाल फुगवून जोरात फुंकलं.

भोंऽऽऽ!

कोंबडी फडफडून भोपळ्यावर चढली. सगळे दचकले आणि मग कुणीतरी खुदकन हसलं.

सोजरबाईंनी पदर खाली घेतला. "देवमन, पुन्हा फूक."

"बाई, मी तं फक्त चोक पाहून राह्यलो होतो."

"फूक म्हनलं ना!"

त्यानं फुंकलं. "आता तुमी, विमलबाई," सोजरबाई म्हणाल्या. विमलबाईंच्या वाट्याला सगळ्यांत छोटी, करंगळीएवढी नळी आली होती, म्हणून त्या महिनाभर समितीशी बोलत नव्हत्या. त्यांनी महिन्याचा सगळा राग त्या नळीत ओतला. अशी किंकाळी निघाली की जगदेव मास्तरांनी कानांवर हात ठेवले. मग ते हात सोडून गरजले, "रांग करा! उंचीनं नाही, आवाजानं!"

पुढचा तासभर चर्चमध्ये नुसता धुमाकूळ होता. चोपन्न नळ्यांची चोपन्न माणसं आपापली नळी फुंकत होती, सोजरबाई कान देऊन म्हणत होत्या, "तू इकडं, तू तिच्या मांगं," आणि मास्तर दंडाला धरून माणसं हलवत होते. ज्यांचं वर्षभर पटत नव्हतं ते सुरानं शेजारी आले. कुणी हसता हसता फुंकलं, कुणी फुंकता फुंकता ठसकलं. देवमन हातातली नळी तिच्या घरच्यांना द्यायला तयार नव्हता, म्हणून त्यांच्याऐवजी त्यालाच रांगेत जागा द्यावी लागली.

शेवटचा माणूस जागेवर उभा राहिला आणि दारात पाळकसाहेब उभे राहिले. हातात ऑर्गन हलवण्याचा टाइप केलेला कागद. त्यांनी ऑर्गनकडं पाहिलं. रिकामं कपाट आणि चोपन्न भोकं.

"सलाम, साहेब. बसा," सोजरबाई म्हणाल्या. एवढंच. नळ्या बसवायला आता वेळ नव्हता. त्या रांगेपुढं गेल्या आणि बोट उचललं.

त्यांचं बोट ज्याच्याकडं जाई तो फुंके. बोट त्याच्यावर असे तोवर सूर चाले. पहिली ओळ अडखळत आली, दुसरी चालत, आणि तिसरीला हंगामाचं उपकारस्तुतीचं गीत छताला भिडलं. विमलबाईंचा सूर पूर्ण गीतात फक्त एकदा येत होता. त्या एका क्षणासाठी त्या टाचा उंचावून उभ्या होत्या, आणि त्यांनी तो चुकवला नाही.

गीत संपलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग उठून टाळ्या वाजवायला लागले. कागद अजून हातातच होता, तोही टाळ्यांबरोबर फडफडत होता.

"असा ऑर्गन मी जन्मात ऐकला नाही," ते म्हणाले. "हा तर नागपूरलाच न्यायला हवा!"

सोजरबाईंची नजर त्या कागदावर गेली. त्यांनी वळून रांगेकडं पाहिलं. चोपन्न माणसं घामाघूम, गाल लाल, नळ्या छातीशी घट्ट. आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना हसू फुटलं.

"न्या नं साहेब, खुशाल न्या," त्या म्हणाल्या. "फक्त ध्यानात ठेवा, हा ऑर्गन दोन टाइम जेवते."