काना

"बाई, प्रूफ वाचताय की प्रेमपत्र?" अक्षरजुळणी करणारा पोरगा जेवणाचा डबा उचलता उचलता म्हणाला.

"तू जेवायला जा रे. तुझ्या चुका काढता काढता माझे डोळे गेले."

तो हसत बाहेर पडला. मधल्या सुट्टीत छापखान्याच्या त्या खोलीत बाई एकट्याच उरायच्या. त्यांनी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला.

बँकेचं पान उघडंच होतं. रक्कम भरून झाली होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली सगळीच्या सगळी. फक्त 'पाठवा'वर अंगठा टेकायचा राहिला होता. डेटिंग अ‍ॅपवर भेटलेल्या इंजिनिअरचं मशीन कुठल्याशा दूरच्या बंदरात अडकलं होतं. आज दंड भरला नाही, तर त्याचं इकडे येणं रद्द. तो कधी दिसला नव्हता, त्याचा कॅमेरा कायम बिघडलेला. बाईंना ते खटकलं नव्हतं असं नाही. पण आई गेल्यापासून त्यांना 'अगं' म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. भाच्यांची 'मावशी', इथल्या सगळ्यांच्या 'बाई'. हा पहिल्याच आठवड्यात 'अगं वेडे' म्हणाला, आणि त्या दिवशी बाईंनी एक अख्खं पान न वाचताच छपाईला सोडलं होतं.

फोन थरथरला.

"अगं, पाठवलेस का? सकाळपासून वाट बघून थकले."

अंगठा थांबला. थकलो. काना राहिलाय. घाईत होतं असं. बाईंनी तो मनातल्या मनात घातला.

"पाणी प्यायलाही उठले नाही."

इथेही.

"पाठव ना. घाबरले आहे मी."

घाईत एखादा काना निसटतो. तीन निसटत नाहीत. बाईंनी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी पदरचं काही न घालता. तिकडे इंजिनिअर नव्हताच. एक मुलगी बसली होती. थकलेली, तहानलेली, घाबरलेली.

त्यांनी बँकेचं पान बंद केलं. राग यायला हवा होता, पण तो काही केल्या सापडेना. त्यांनी लिहायच्या कोऱ्या चौकटीवर बोट टेकवलं. शिवी हासडायची होती. बोटांनी लिहिलं ते भलतंच.

"जेवलीस का?"

पलीकडची टिंबं हलू लागली. थांबली. पुन्हा हलली.

"नाही. उठू देत नाहीत."

बाईंनी 'कोण' एवढं लिहीपर्यंत ती ओळ डोळ्यांदेखत पुसली गेली. खाली दुसरी उमटली.

"प्रिये, मी तुझी वाट पाहतो आहे. कृपया रक्कम त्वरित पाठव."

त्या ओळीत एकही चूक नव्हती.