पाण्यातला पाहुणचार

"होडी किनाऱ्याला लागू देऊ नका, शेखसाहेब," इंग्रजांचा दुभाषी मान खाली घालून म्हणाला. "इंग्रज तुमचं रक्षण करणार, तुम्ही तुर्कांचा माणूस उतरवून घ्यायचा नाही. करारावर शिक्का तुमचाच आहे."

"रक्षण कुणापासून? पहिलटकरीण लेक मौझा माहेरी आलीय माझी! जावई तुर्कांचा कारकून असला म्हणून काय झालं?"

दुभाष्यानं नुसतं समोरच्या इंग्रजांच्या तोफांच्या जहाजाकडे बघितलं.

शेख हुमैद कॉफीची किटली घेऊन कमरेइतक्या पाण्यात शिरले, होडीपाशी गेले. पाहुण्याला कॉफी पाजू नये, असं काही करारात नव्हतं. 'आता पुरे' म्हणायचं तर रिकामा पेला हलवायचा, तोवर यजमान ओतत राहणार, अशी तिथली रीत. जावई काही पेला हलवेना. शेख ओतत राहिले. भरतीचं पाणी छातीला लागलं.

शेवटी मौझानंच नवऱ्याच्या हातून पेला घेतला आणि बापाकडे न बघता हलवला.