तिसऱ्या दिवसाचे पाहुणे

सिता गेल्याचं तिच्या आईला, कोंडाबाईला, दुसऱ्या दिवशी सकाळी सोनारीत कळलं. ती तशीच अनवाणी निघाली. शिवेवरून तिचं रडणं ऐकू आलं, तेव्हा सिताचा नवरा श्रीमंत दारात बसला होता. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून आदल्या संध्याकाळीच अग्नी दिला होता. आईला लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही.

इकडं बायका मुक्यानं रडत नाहीत. मेलेल्या माणसाचं एकेक सांगत, सूर धरून रडतात. कोंडाबाईही दारात तशी रडली. "माझ्या सिते गं, तुझ्या शेळीला आता कुनाच्या हाकंची सवय लावू गं..." पण गळ्यात पडावं असं रक्ताचं कुणी घरात नव्हतं. धाकटी लेक नीला तेरखेड्याला दिलेली, ती उद्या येणार होती. "नीला आल्याबिगर माझं रडनं पुरं व्हायचं न्हाय," असं म्हणून ती तोंडाला पदर लावून बसली.

श्रीमंतचा भाऊ बलभीम कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होता. त्यानं हे रडणं ऐकलं आणि कॉलेजच्या गावाला जाणारी संध्याकाळची एसटी धरली. श्रीमंतला वाटलं, परीक्षा असेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली, तर ओसरीवर बलभीमचे प्राध्यापक नारायणराव बसलेले. सोबत तीन विद्यार्थी, पेन्सिली तासून तयार.

"आजी, यंदा आमच्या वर्गाला लोकवाङ्मय आहे," नारायणराव म्हणाले. "तुमच्या रडण्यात फार सुंदर कल्पना आहेत म्हणे. जरा म्हणता का?"

"काय म्हनू?"

"कालचं रडणं."

कोंडाबाईनं जावयाकडं बघितलं. बलभीम घाईनं म्हणाला, "म्हणा मावशी. छापून यील. वहिनीचं नाव राहील."

नाव राहील म्हटल्यावर म्हातारीनं सूर धरला. ओळ पुरी व्हायच्या आत नारायणरावांनी हात वर केला.

"सावकाश. मुलं उतरवून घेताहेत."

ती पुन्हा रडली. सावकाश.

"सर, दुसऱ्या ओळीत छंद मोडतो," एक विद्यार्थिनी म्हणाली.

"हुंदका वगळा. बसेल."

दाराशी उभी असलेली शेजारीण बोललीच, "का रं बलभीम, ह्येंच्या घरी कुनी मरतच न्हाय व्हय?"

विद्यार्थी हसले. नारायणरावांनी ते वाक्यही टिपून घ्यायला सांगितलं. मग ते कोंडाबाईकडं वळले. "शेळीऐवजी गाय म्हणून बघा बरं. करुण रस वाढेल."

सिताकडं गाय नव्हती. पण एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हणून म्हातारीनं गाय म्हटलं. मग नुसती चाल हवी होती, ती तिनं रडं बाजूला ठेवून म्हणून दाखवली. डोळे कोरडे होते.

श्रीमंत उठला. "झालं का तुमचं?"

"झालंच. फार अस्सल आहे हो हे. तुम्हाला कल्पना नाही, तुमच्या घरात काय आहे ते."

"मग उठा आता."

"घोटभर चहा घेऊन निघतो."

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, हे त्यांच्या वाङ्मयात आलं नसावं. बलभीमनं त्यांना हॉटेलात नेलं. जाताना तो भावाच्या कानाशी म्हणाला, "आण्णा, सर खूश आहेत."

उन्हं कलताना नीला आली. वेशीपासून आक्रोश करत आली आणि आईच्या गळ्यात पडली. कोंडाबाईनं तिला घट्ट धरलं, तोंड उघडलं.

"माझ्या सिते गं, तुझ्या गाईला..."

ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, सावकाश. पुन्हा थांबली. मग नीलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तू रड. तू रड, बाय."

नीला रडली, शेजारणी रडल्या. दहावा झाला आणि कोंडाबाई सोनारीला परत गेली. लेकीसाठी तिचं रडायचं राहिलं.