एक बाही

उशीखाली नातीचा अर्धवट शिवलेला फ्रॉक. सुई ओवताना मिटणारा एक डोळा. मानेवर बोराएवढी गाठ. एवढ्या भांडवलावर शिकाऊ डॉक्टरने वॉर्डातल्या शिंपीणबाईंची गोष्ट लिहिली आणि काल लेखनाच्या वर्गात टाळ्या मिळवल्या. आज सिस्टरने ती कौतुकाने बाईंनाच वाचायला दिली.

"छान लिहिलंस हो, बाळा. शेवटी मारलंस मला."

"मावशी, ती नुसती गोष्ट..."

"रिपोर्ट आला म्हणायचा. तोंडावर सांगायला जीभ रेटली नसेल तुझी." त्यांनी फ्रॉक त्याच्या हातात ठेवला. "एक बाही राहिलीय. कुणाकडून तरी लावून घे."



गाठ साधी आहे, बाईंना सांगून ये, असं मोठ्या डॉक्टरांनी त्याला गोष्ट लिहायला बसण्याच्या आदल्याच दिवशी बजावलं होतं.