मध्यंतराचा भोंगा

दुसरा गोल खाल्ल्यावर गोलरक्षक मयूरानं चोरून प्रेक्षकांकडे पाहिलं. संघ या शहरात हलवल्यानंतर ज्युनिअर मुलींचा हा पहिलाच हॉकी सामना, तोही बंद गिरणीच्या पटांगणावर. बघायला जेमतेम वीस-पंचवीस म्हातारे गिरणी कामगार आले होते आणि हाताची घडी घालून गप्प बसले होते.

मध्यंतराला वाजवायला प्रशिक्षक बाईंनी गिरणीचा जुना भोंगा दुरुस्त करून घेतला होता. तो वाजला मात्र, सगळे म्हातारे एकदम उठून फाटकाबाहेर चालते झाले.

"बाई, आपण इथं कुणालाच नको आहोत," मयूरा म्हणाली.

मध्यंतर संपल्याचा दुसरा भोंगा व्हायच्या आत फाटकात गर्दी उसळली. म्हातारे परत आले होते आणि त्यांच्यामागे अख्खी चाळ; कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी पिठाच्या हातांनीच.

"आजोबा, कुठं गेला होता?" मयूरानं गोलजवळ आलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"भोंगा झाला की जेवायला जायची सवय, पोरी. चाळीत गेलो तर सगळे दारात उभे. विचारत होते, गिरणी सुरू झाली का?" त्यानं गोलामागेच बैठक मारली. "म्हटलं, झाली. चला."