वर्षश्राद्धाचं चित्र

“ओठ जरा हसरे कर, भाऊ.”

हितेंद्रचा ब्रश थांबला. कॅनव्हासवर झिपरू आबांचा चेहरा अर्धाअधिक उमटला होता. समोरच्या खुर्चीत आबांची विधवा बेबाबाई बसली होती, गालात तंबाखूची चिमूट धरून.

“आबा हसायचे, अक्का?”

“तू कर.”

त्याने टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि आबांचे ओठ पुसून काढले.

आबांना तो ओळखून होता. केळीची मोठी बागायत, सावदा गावात दरारा. एकदा तो रस्त्याकडेला दुकानाची पाटी रंगवत होता आणि पलीकडे आबांचा केळीचा ट्रक भरला जात होता. चहा गार आणला म्हणून आबांनी याच बाईला सगळ्या मजुरांदेखत चपलेने मारलं. तिने फुटलेल्या कपबशा वेचल्या, पदराने नाक पुसलं आणि ती मुकाट घरात गेली. आज तीच त्या माणसाचा देव करायला निघाली होती.

फैजपूरचा त्याचा स्टुडिओ म्हणजे केळीच्या वखारीवरची खोली. मागच्या बाजूला सडक्या केळ्यांचा ढीग. त्या गोड, कुबट वासात रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाचा वास मिसळला की सकाळचा चहासुद्धा नकोसा व्हायचा. उन्हाने रापलेल्या माणसांचे खरे चेहरे काढायचे म्हणून तो चित्रकला शिकला होता. आता मेलेल्यांचे गुळगुळीत चेहरे काढत होता. कुणाला गोरं करायचं, कुणाचं टक्कल झाकायचं. तरी एक गोष्ट त्याने सांभाळली होती, त्याचं चित्र पाहून माणूस ओळखू यायचाच. बेबाबाईने तीही नासवायला घेतली होती.

तिने आणलेला फोटो लग्नाच्या वेळचा होता, पाणी लागून डागाळलेला. “तरुणपणचा काढ,” असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “पोरायनं त्यायले म्हातारंच पाह्यलं.”

ती रोज दुपारी यायची. चित्राकडे कमी आणि हितेंद्रकडेच जास्त बघत बसायची. बागेत मजुरांवर मालकीण नजर ठेवते, तशीच ही नजर, असं वाटून त्याच्या अंगावर शहारा यायचा. मध्येच हुकूम सुटायचा. नाक लांब कर. हनुवटी निमुळती कर. पापण्या जड कर, झोपेतून उठल्यासारख्या. कपाळावर केसांची एक बट येऊ दे.

“फोटोत असं नाही, अक्का.”

“फोटोले काय कळते? मी पाह्यलं हाये.”

तो पिवळ्या मातकट रंगात पांढरा कालवायचा, थोडा लाल टाकायचा आणि त्या रानदांडग्या माणसाच्या गालावर कोवळं ऊन चढवायचा. काम संपलं की कोपरापर्यंत हात साबणाने घासायचा, तरी काहीतरी चिकटलेलंच वाटायचं.

एकदा तिने विचारलं, “तू धुळ्याचा ना रे?”

“आईचं माहेर धुळ्याचं. वडील सावद्याचे होते. मी पाळण्यात असतानाच गेले.”

“तुले आठवत नसतील.”

“फोटोसुद्धा नाही एक.”

“अन् माय?”

“बरी आहे.”

ती उठली. खिडकीशी जाऊन तंबाखू थुंकून आली आणि पुन्हा खुर्चीत बसली. श्रीमंतांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच असते, असं म्हणून त्याने विषय मनातून काढून टाकला.

शेवटच्या दिवशी त्याच्याच्याने राहवलं नाही. “अक्का, राग मानू नका. हा माणूस असा नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“मले माहीत हाये, तो कसा व्हता ते.”

“मग हे कशासाठी?”

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “खाली नाव टाक तुझं.”

“या चित्रावर मी सही करणार नाही.”

“टाक, भाऊ. नुसतं तुझं नको. बापाचंही टाक.”

एवढ्या लाचार आवाजात तिला बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. वाद घालायचाही वीट आला होता. कोपऱ्यात त्याने खरडल्यासारखं लिहिलं, हितेंद्र रुपचंद.

वर्षश्राद्धाला ते चित्र सावद्याच्या बंगल्यात बैठकीच्या मधोमध लागलं. तिचा मोठा मुलगा जितेंद्र चित्राकडे बघून जरा घुटमळला. “आई, आबांचं नाक असं होतं?”

“तू जन्माले यायच्या आधी असंच व्हतं,” बेबाबाई म्हणाली.

मुलं, सुना, भाऊबंद एकेक करून वाकले. ज्यांनी आबांच्या शिव्या खाल्ल्या ते मजूरही वाकले. शेवटी बेबाबाई पुढे झाली. तिने हार घातला, काचेवरून हळूच हात फिरवला आणि हमसून हमसून रडायला लागली.

हितेंद्र दाराशी उभा राहून बघत होता. मार खाऊन जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ती बाई मारणाऱ्यासाठी रडत होती, आणि त्या रडण्याला चेहरा त्याने पुरवला होता. त्याने मोबाइलवर चित्राचा एक फोटो काढला आणि पंगतीला न बसताच तो बाहेर पडला.

रविवारी तो धुळ्याला गेला. आई ओसरीत गहू निवडत होती.

“हे बघ, तुझ्या मुलाने काय धंदा मांडलाय,” म्हणत त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. “एका राक्षसाला संत करून ठेवलं मी. किळस येते स्वतःची.”

आईने हात झटकले. डोळ्यांना नीट दिसावं म्हणून मोबाइल लांब धरला. मग दुसऱ्या हाताने तिने खांद्यावर घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला.

“यांचा फोटो तुला कुठं सापडला रे?” तिने विचारलं. “माझ्याजवळ तर एक बी नाही.”