कॅल्शियमची बाटली

घरात असतील नसतील ती सगळी औषधं घेऊन या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. मुलाने स्वयंपाकघरातला कप्पाच पिशवीत रिकामा केला. आईला काय होतंय हेही तोच सांगत होता. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोपेचं तर नावच नको. आई शेजारी बसून ऐकत होती. मांडीवर दाबून धरला तरी तिचा हात हलत होता. सून मागच्या खुर्चीवर होती.

"औषध असं काही नाहीच," मुलगा म्हणाला. "या मन प्रसन्न ठेवणाऱ्या कॅप्सूल. दुकानात मिळतात, चिठ्ठीसुद्धा लागत नाही. संपूर्ण नैसर्गिक. आणि हे गुडघ्यांसाठी कॅल्शियम."

डॉक्टर म्हणाले, नैसर्गिक असलं म्हणून काय झालं, मेंदूवर परिणाम होतोच. पण नुसत्या कॅप्सूलने एवढं होणं कठीण. जोडीला मनाच्या आजारावरची एखादी गोळी चालू असेल, तर मात्र असं होऊ शकतं आणि जिवावरही बेतू शकतं. तसं काही घेत नाहीत ना?

मुलगा हसला. आमच्याकडे असलं काही नाही, म्हणाला. त्यांच्याकडे डोकी सगळ्यांनाच होती, डोक्याचं दुखणं तेवढं कुणाला नव्हतं.

सुनेने टेबलावरच्या कॅल्शियमच्या बाटलीकडे पाहिलं. ती बाटली तिची होती. पाकिटातून गोळ्या काढून तिनेच त्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या होत्या, आणि रोज सकाळी सगळ्यांदेखत त्यातली एक घेत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. हल्ली गोळ्या लवकर संपत होत्या. विसरून आपणच दोनदा घेतो, असं समजून ती स्वतःवरच चिडायची. सासूबाईंचे गुडघे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

डॉक्टर तपासण्या लिहू लागले. गप्प राहता आलं असतं. घरी जाऊन बाटली फेकली की झालं, कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. ती उठली, पुढे झाली आणि बाटली डॉक्टरांच्या कागदावर उलटी केली.

"हे कॅल्शियम नाही. मनाच्या आजारावरच्या माझ्या गोळ्या आहेत."

"तुझ्या?" नवऱ्याचा आवाज चढला. "आणि हे तू इथे सांगतेस?"

"इथेच सांगायला हवं. घरी तुम्ही बोलू दिलं नसतं."

डॉक्टरांनी एक गोळी उचलून पाहिली आणि पेन खाली ठेवलं. रोज किती घेता, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. दोन, त्या म्हणाल्या, एकीने गुडघ्यांना फरक पडत नव्हता. डॉक्टरांनी लगेच फोन उचलून खाट तयार ठेवायला सांगितली. कॅप्सूल आणि या गोळ्या, आजींचं दोन्ही आत्तापासून बंद.

मुलगा आईकडे वळला. "पण तुला कशाला हव्या होत्या त्या कॅप्सूल? चांगली हसतखेळत तर असतेस."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. थरथरत्या हाताने त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

"हिला विचार," त्या म्हणाल्या. "हिला कळेल."